सावकाश जायचं ठरलं होतं

श्यामकांत खांबेटेला कासिम प्रांतातल्या सहलीबद्दल विचारलं, की तो आधी रेडिएटरबद्दल बोलतो. मग हॉटेलच्या काउंटरबद्दल. मग विनय शेवड्यांबद्दल, आणि तेव्हा त्याचा आवाज जरा चढतो. शेताबद्दल तो सहसा बोलत नाही. आणि सगळी सहल निघाली होती ती शेतासाठीच.

शेत हवं होतं दमयंतीला, म्हणजे त्याच्या बायकोला. तिने दापोलीला शेतीची पदवी घेतली, वर्गात दुसरी आली, आणि मग डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न करून रियाधला आली. रियाधमध्ये शेतीच्या पदवीला साधारण होडीच्या वल्ह्याइतकी मागणी आहे. ती भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवू लागली आणि सतरा वर्षं फळ्यावर गव्हाच्या मुळांच्या आकृत्या काढत राहिली. घर चौथ्या मजल्यावर, खिडक्या समोरच्या इमारतीच्या एसींच्या पाठींकडे उघडणाऱ्या. तिथे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत तिने मेथी लावून पाहिली. मेथी उगवायची, ट्यूबलाइटकडे मान वाकडी करून बघायची आणि आपला निर्णय चुकला हे लक्षात आल्यासारखी आडवी व्हायची.

अकरा वर्षांपूर्वी सुट्टीहून परत येताना विमानाच्या खिडकीतून तिला खाली हिरवे गोल दिसले. वाळूवर कुणी हिरव्या ताटल्या मांडून ठेवाव्यात तसे. हे काय, असं तिने विचारलं. श्यामकांतने अजिबात माहिती नसलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने सांगितलं की शेती आहे, आणि पुढे म्हणाला, "जाऊ एकदा." हे त्याने मोकळेपणाने म्हटलं होतं, कारण तेव्हा नाश्त्याची ट्रॉली येत होती.

त्यानंतर दर वर्षी जायचं ठरलं. एका वर्षी त्याच्या हॉस्पिटलची तपासणी आली, एका वर्षी सानिकाच्या, म्हणजे मुलीच्या, कांजण्या. मग कोरोना. मग ऊन. तासाभरावरच्या खर्ज गावाकडे शेती आहे, तिकडे कुणीतरी न्यायचं कबूलही केलं; पण ती दूधवाल्यांची, तिथे गुरांचं गवत. दमयंतीला गहू हवा होता. तिची मागणी अकरा वर्षांत एका अक्षराने वाढली नव्हती: गव्हाच्या शेतात चप्पल काढून दहा मिनिटं उभं राहायचं.

या वर्षी मार्चमध्ये सानिकाची दहावी झाली. अकरावी पुण्याला. आई आणि मुलगी कायमच्या परत जाणार, श्यामकांत आणखी तीन वर्षं इथेच, असं ठरलं. दोघींचा फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, लागला, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तिकिटं आली, आणि मोजून एकच मोकळा शुक्रवार-शनिवार उरला.

दमयंतीने शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागे पाच ओळींचा बेत लिहिला. शुक्रवारी चहा पिऊन निघायचं. जुन्या रस्त्याने, ताशी ऐंशीने. जिथे हिरवं दिसेल तिथे थांबायचं. मधल्या लहान गावांत टपरीवर चहा. रात्री बुरैदा शहरात मुक्काम, शनिवारी परत. खाली तिने अधोरेखित केलं होतं: सावकाश.

बेतात काही खोट नव्हती. श्यामकांतने तो फक्त लिफ्टमध्ये सांगितला.

लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे विनय शेवडे होते. शेवडे एका कंपनीत हिशेब तपासतात आणि इथल्या मराठी मंडळाच्या सहली काढतात. दोन्ही कामांत त्यांना लोकांच्या चुका सापडतात. ते म्हणाले, "एकटेच जाताय?" श्यामकांत म्हणाला की तिघं आहोत. शेवड्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू तो तिघांना घेऊन उघड्या होडीतून आफ्रिकेला निघाला होता. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. शेवड्यांनी दारात पाय ठेवून ती तशीच धरली आणि तळमजल्यावरून कुणीतरी दार वाजवायला लागेपर्यंत वाळवंटात माणसं कशी हरवतात ते सांगितलं. कासिमचा रस्ता हा सहा पदरी महामार्ग आहे आणि त्यावर दर पन्नास किलोमीटरवर बर्गर मिळतो, हे श्यामकांतला माहीत होतं. पण त्याने मान हलवली. मान हलवणं ही त्याची जुनी खोड. हॉस्पिटलात त्यामुळे त्याचा फार फायदा झाला होता.

संध्याकाळपर्यंत "कासिम सहल – नियोजन" नावाचा व्हॉट्सॲप गट तयार झाला. त्यात तेवीस लोक होते. प्रत्यक्ष जाणार होते पाच: खांबेटे तिघे, शेवडे आणि त्यांच्या पत्नी अमिता. उरलेले अठरा लोक घरीच राहून मदत करणार होते. एकाने उंट आडवा आल्यास काय करावं याचा व्हिडिओ टाकला. एकीने माणशी बारा लिटर पाणी घ्या असं सांगितलं. दुसऱ्या एकाने बारा कमी असल्याचं सांगितलं, आणि मग त्या दोघांमध्ये तीन दिवस जो वाद झाला त्यात शेवटी सोलापूरचा १९७२चा दुष्काळही आला.

दमयंतीचा मावसभाऊ रूपेश अबकैकला तेलाच्या प्लांटवर सुरक्षा अधिकारी आहे. त्याला कुणी गटात घेतलं हे अजून कळलेलं नाही. त्याने प्लांटवरचा प्रवासाचा फॉर्म पाठवला. चार पानी. त्यात दर दोन तासांनी कुठे असू, कुणाला फोन करू, आणि "प्रवास टाळता येणार नाही याचं कारण" असा एक रकाना. श्यामकांतने त्यात "गहू" लिहिलं. रूपेशने फॉर्म परत पाठवला.

शेवड्यांनी मग सगळंच हातात घेतलं. जुना रस्ता रद्द, कारण तिथे नेटवर्क नाही. ताशी ऐंशी रद्द, कारण मग दोन वाजताच्या खजुराच्या बागेची वेळ चुकते. खजुराची बाग कुठून आली, असं दमयंतीने विचारलं. ती एक्सेलमध्ये होती. एक्सेलमध्ये सगळं होतं. "निसर्गदर्शन" या नावाखाली वीस मिनिटंही होती, ती पेट्रोल भरण्याच्या वेळेत.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" दमयंतीने रात्री विचारलं.

"आता त्यांनी एवढं केलंय तर," श्यामकांत म्हणाला. "आणि शेत कुठे जातंय. रस्त्यातच आहे."

राहिली गाडी. श्यामकांतची करड्या रंगाची गाडी चौदा वर्षं काही न बोलता चालली होती. शेवड्यांचं म्हणणं, तिची तपासणी व्हायला हवी. म्हणून ते दोघं अल सुलै भागात गेले, गोदामांच्या मागे नदीमच्या गॅरेजमध्ये. नदीम हैदराबादचा, वीस वर्षं इथे. त्याने बॉनेट उघडलं, कान लावून इंजिन ऐकलं, बॉनेट बंद केलं आणि म्हणाला, "साब, एकदम मस्त चल रही है. इसको हात नक्को लगाओ." श्यामकांत निघालाच होता. पण शेवड्यांना तपासणी म्हणजे काहीतरी सुटं झालेलं बघायची सवय. ते म्हणाले, आलोच आहोत तर पाण्याचे पाइप बदलून टाका. नदीमने श्यामकांतकडे पाहिलं. श्यामकांतने मान हलवली. नदीमने एक लांब उसासा सोडला आणि पाना घेतला.

शुक्रवारी सकाळी सातला निघायचं ठरलं आणि सव्वाआठला निघाले, कारण अमिताताईंचा बर्फाचा डबा शेवड्यांच्या गाडीत मावेना. त्यात पन्नास इडल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी होती. दमयंतीने घरून फक्त एक पिशवी घेतली होती. सानिकाने विचारलं आत काय आहे, तर आत एक टॉवेल होता. शेतातून बाहेर आल्यावर पाय पुसायला.

शेवडे पुढे, ताशी एकशेवीसने. श्यामकांत मागे, एकशेवीसने जाणाऱ्या माणसाच्या मागे जाण्याच्या वेगाने. दोन्ही बाजूंनी वाळू, मग खडक, मग पुन्हा वाळू. मध्येच एखादं झाडांचं बेट दिसायचं आणि दमयंती "ते बघा" म्हणेपर्यंत मागे जायचं. चौथ्या वेळी तिने म्हणायचं सोडलं.

कासिमची हद्द लागली आणि अकराच्या सुमारास इंजिनाच्या तापमानाच्या काट्याने लाल रेघ ओलांडली. बॉनेटमधून वाफ आली. नव्या पाइपाने जुन्या गाडीशी जमवून घ्यायला नकार दिला होता. श्यामकांतने समोर दिसलं त्या फाट्यावरून गाडी खाली, सर्व्हिस रोडला घेतली आणि एका तारेच्या कुंपणाशी थांबवली. शेवड्यांची गाडी पुढे निघून गेली.

श्यामकांत बॉनेट उघडून बघत राहिला. डायलिसिसच्या यंत्रापुढे तो असा कधी उभा राहत नाही. तिथे त्याला कळतं. त्याने मागे वळून दमयंतीला काही सांगायला तोंड उघडलं, तर ती कुंपणाशी उभी होती. दोन्ही हातांनी तार धरून.

पलीकडे गहू होता. गुडघ्याच्या वर आलेला, ओंब्या भरलेल्या, खालून अजून हिरवा आणि वरून पिवळा पडायला लागलेला. लांबवर एक लोखंडी पूल चाकांवर उभा होता आणि त्याच्यातून पाणी पडत होतं. वारा आला की सगळं शेत एका बाजूला झुकायचं. सानिकाने गाडीतून मान बाहेर काढली, पाहिलं, "मम्मा, इट्स लिटरली ग्रास," म्हणाली आणि मान आत घेतली.

"पण हे गोल कुठे आहे?" श्यामकांत म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. अकरा वर्षं गोल शेत दाखवतो म्हटलं आणि हे सरळ निघालं.

"हितनं गोल कुणालाच दिसत नाय," कुंपणाच्या आतून कुणीतरी मराठीत म्हणालं.

निळ्या डगल्यातला, डोक्याला पंचा गुंडाळलेला, पन्नाशीचा माणूस हातात पाना घेऊन उभा होता. नाव बाबाजी, गाव संगमेश्वराकडे. शेतावरचे पंप आणि तो पाणी मारणारा लोखंडी सांगाडा सांभाळायचं काम. सहा वर्षं झाली. कफील, म्हणजे मालक, चांगला माणूस आहे, म्हणाला, पण मराठी बोलायला कुणी नाही. दोघं बांगलादेशी, एक सुदानी आणि एक गाढव. तो सांगाडा एका पायाभोवती फिरतो, एक फेरी मारायला बावीस तास घेतो, आणि जेवढं फिरतो तेवढं हिरवं होतं. "म्हणून गोल. मला पण कधी दिसला नाय. विमानात बसलो तेव्हा खिडकी दुसऱ्या अंगाला होती."

बोलता बोलता त्याने पाण्याचा कॅन आणला, पाइपाची कडी आवळली, रेडिएटर भरला. पाच मिनिटांत. मग हात पुसून तो दमयंतीकडे वळला.

"वहिनी, आत या ना. तारेतनं काय बघताय."

दमयंतीने श्यामकांतकडे पाहिलं.

याच वेळी त्याचा फोन वाजला. आधी शेवडे: जेवणाच्या ठिकाणी पोचलोय, अमिताने इडल्या काढल्यात, बर्फ वितळतोय, बारा वाजता नमाजासाठी सगळं बंद होईल, दोनला बाग आहे, कुठे आहात. मग रूपेश: तुमचा दुसऱ्या तासाचा फोन आला नाही. मग पुन्हा शेवडे, तेच, पण क्रमांक घालून. बाबाजी म्हणत होता की चहा टाकतो, दहा मिनिटं, वहिनींना पार मधल्या पायापर्यंत नेऊन आणतो.

श्यामकांतच्या मनात त्या क्षणी काय काय होतं ते त्याने नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं. अनोळखी माणसाला त्रास कशाला, हे होतं. फुकट पाणी घेतलं, आता वर चहा कसा घ्यायचा, हे होतं. आपल्यासाठी इडल्या खोळंबल्यात, हे फार होतं. दमयंतीचा अर्धवट वाकलेला हात, चपलेच्या पट्ट्याकडे गेलेला, तोही त्याने पाहिला होता. तो या यादीत होता, पण खाली.

"काय करायचं?" त्याने तिला विचारलं. अशा आवाजात, ज्यात उत्तर आधीच घातलेलं असतं.

"तुम्ही म्हणाल तसं," दमयंती म्हणाली आणि हात सरळ केला.

"येताना नक्की थांबू," श्यामकांत बाबाजीला म्हणाला. "उद्या. याच रस्त्याने आहोत."

हे तो मनापासून म्हणाला होता, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. एरवी आपल्याकडे हे वाक्य दाराशी चपला घालताना म्हणतात आणि ऐकणाराही "हो हो" म्हणून दार लावून घेतो. पण बाबाजी सहा वर्षं गाढवाबरोबर राहत होता.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

"चार," श्यामकांत म्हणाला.

"चारला उभा राहतो मी. चहा तयार ठेवतो."

त्याने नंबर सांगितला. श्यामकांतने तो रूपेशच्या फॉर्मवर, "आपत्कालीन संपर्क" या रकान्यात लिहिला आणि फॉर्म गाडीच्या खणात टाकला.

इडल्या गार झाल्या होत्या. त्या सगळ्यांनी भरभर खाल्ल्या. बुरैदाला हॉटेलात ते बागेच्या वेळेआधी सामान ठेवायला गेले, आणि तिथे संगणकाने दमयंतीला घ्यायला नकार दिला.

काउंटरवरचा मुलगा फार सभ्य होता. त्याने श्यामकांतचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचं ओळखपत्र, यंत्रात टाकला, सानिकाचाही टाकला, तिला यंत्राने काय म्हणून सोडलं ते नंतर त्यालाही सांगता आलं नाही. दमयंतीचा टाकला आणि थांबला. पुन्हा टाकला. मग पडदा किंचित वळवून त्याने बोट दाखवलं. "सिस्टीम म्हणते, मदाम खलास."

फायनल एक्झिट लागला म्हणजे हॉटेलच्या यंत्राच्या मते ती गेलेली होती. श्यामकांतने सांगितलं की ती गेलेली नाही, ही इथे उभी आहे. मुलाने दमयंतीकडे पाहिलं, नमस्कार केला, आणि दिलगिरीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्याला दोन्ही बाजूंचं पटत होतं. मॅनेजर आला. त्याने तेच आणखी सावकाश टाइप केलं. पासपोर्ट आहे का, असं विचारलं. पासपोर्ट रियाधला होता, वजन करून, चिकटपट्टी लावून बंद केलेल्या बॅगेत. शेवड्यांनी मध्ये पडून नियम समजावून सांगितले; तेव्हा मॅनेजरने श्यामकांतला बाजूला घेऊन विचारलं की हे मदामचे कोण.

अडीच तास. श्यामकांत आवाज चढवत होता, उतरवत होता, आणि प्रत्येक वाक्यात "माय वाइफ" म्हणत होता. सतरा वर्षांत मिळून त्याने ते इतक्या वेळा म्हटलं नसेल. दमयंती लॉबीतल्या सोफ्यावर बसून होती. एकदाच म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. मी गेलेलीच आहे." विनोद म्हणून म्हणाली असावी. तो हसला. ती हसली की नाही, हे बघायचं राहिलं.

शेवटी सानिकाने कानातले हेडफोन काढून, काय चाललंय असं विचारलं, आणि कॉलेजच्या फॉर्मसाठी काढून ठेवलेला आईच्या पासपोर्टचा फोटो मोबाइलवर दाखवला. चार मिनिटांत खोली मिळाली. बागेची वेळ गेली. शेवड्यांनी ती फोन करून शनिवारवर ढकलली, आणि आपण हे कसं वाचवलं ते गटातल्या अठरा जणांना कळवलं.

शनिवारी सकाळी बाग. एप्रिलमध्ये खजूर नसतात. हे गटातल्या तेवीसपैकी एकालाही सुचलं नव्हतं, आणि दमयंतीला माहीत होतं पण तिला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी झाडं पाहिली आणि खजुरांचा व्हिडिओ पाहिला. मग मॉल. बुरैदाच्या मॉलमध्ये रियाधच्या मॉलमधलीच दुकानं त्याच क्रमाने होती, त्यामुळे सानिकाला प्रथमच कुठेतरी आल्यासारखं वाटलं.

श्यामकांत घड्याळ बघत होता. दीडला निघालो तरी तीनला पोचू. चारचं म्हटलंय, पण तीनला गेलो तर एक तास जास्त मिळेल. तिला एक तास देऊ. हा एक तास त्याने मनात इतक्या वेळा मोजला, की तो त्याला मिळाल्यासारखाच वाटायला लागला. दीडला मॉलच्या पार्किंगमध्ये त्याने चावी फिरवली. बॉनेटखाली काहीतरी सुटल्याचा आवाज आला, आणि नदीमने घातलेला पाइप पाण्यासकट जमिनीवर आला.

शनिवारची दुपार, गॅरेजं बंद. शेवड्यांनी गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक बोलावला आणि लगेच नवीन व्यवस्था सांगितली: सगळ्यांनी त्यांच्या गाडीत बसावं, ट्रक मागून येईल, पाच वाजेपर्यंत रियाध. सानिका बसलीसुद्धा.

"मी ट्रकमध्ये बसते," दमयंती म्हणाली.

शेवडे म्हणाले, वहिनी, तिथे कसं बसाल, उंच असतो, धूळ असते. ती ट्रकची पायरी चढून बसली होती. अकरा वर्षांत तिने धरलेला तो पहिला हट्ट, आणि श्यामकांत तिच्या शेजारी जाऊन बसला.

ट्रकवाला पेशावरचा पठाण होता. श्यामकांतने त्याला सगळं सांगितलं: वाटेत एक शेत आहे, एक माणूस वाट बघतोय, दहा मिनिटं थांबायचं आहे. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, शेत कुठल्या बाजूला. श्यामकांत सांगता सांगता थांबला. शेत जाताना उजव्या हाताला होतं. म्हणजे आता महामार्गाच्या पलीकडे, मधल्या कठड्याच्या त्या अंगाला.

"हाईवे पे गाड़ी लदी हुई रोक नहीं सकता, साब. अगला मोड़ अठारह किलोमीटर. फिर वापस. मेरी एक गाड़ी और उठानी है." त्याला खरंच वाईट वाटलं होतं, त्याने एसी वाढवला.

श्यामकांत म्हणाला, मी बोलतो, फिरवून घे. पठाण म्हणाला, साब, दूसरा आदमी भी धूप में खड़ा है. यावर श्यामकांतने मान हलवली.

फोन करावा, तर नंबर फॉर्मवर, फॉर्म गाडीच्या खणात, आणि गाडी त्यांच्या पाठीमागे, साखळदंडाने बांधून, डोक्याच्या वर.

चारला पाच मिनिटं कमी असताना शेत आलं.

ट्रकची सीट उंच होती. कठड्यावरून पलीकडचं सगळं दिसत होतं. आणि तिथून, इतक्या उंचीवरून, गव्हाची कड हळूच वळताना दिसली. पिवळ्या-हिरव्याचा एक लांब बाक वाळूत शिरत गेलेला. दमयंती पुढे सरकून काचेला टेकली. कुंपणाचं फाटक उघडं होतं. फाटकाबाहेर बाबाजी उभा होता, निळा डगला काढून, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात. त्याच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची होती, सावलीसाठी वर कशाचं तरी फडकं बांधलेली, आणि खुर्चीवर थर्मास. तो हाताने डोळ्यांवर छप्पर करून सर्व्हिस रोडकडे बघत होता. करडी गाडी शोधत होता. ट्रकच्या पाठीवरून गेलेल्या करड्या गाडीकडे कुणी कशाला बघेल.

श्यामकांतने आपल्या बाजूची काच खाली करून हात टपाच्या वर काढला आणि हलवला. आणि हाकसुद्धा मारली, पण ताशी शंभरच्या वाऱ्यात तिचं काही राहिलं नाही.

"जाऊ दे," दमयंती म्हणाली. पिशवीतला टॉवेल मांडीवर घेऊन तिने घडी मोडली, पुन्हा घातली आणि तो पिशवीत परत ठेवला.

सोमवारी गाडी नदीमकडे गेली तेव्हा फॉर्म मिळाला. श्यामकांतने फोन करून माफी मागितली. बाबाजी म्हणाला, "असू दे हो. मी सहापर्यंत होतो, मग पंपावर जावं लागलं." आणि वहिनींना विचारलं म्हणून सांगा, म्हणाला. श्यामकांतने ते सांगितलं नाही. सहापर्यंत, हा शब्द घरात आणायचा कसा, हे त्याला सुचेना.

मधल्या दिवसांत आणखी एकदा जाता आलं असतं का? त्याने तसं ठरवलंही. मंगळवारी सुट्टी मागितली. नेमकी त्याच दिवशी डायलिसिसची दोन यंत्रं बंद पडली आणि तिथे त्याला कळत होतं. बुधवारी उरलेल्या बॅगा. गुरुवारी विमान. विमानतळावर त्याला पुष्कळ बोलायचं होतं, तर तो म्हणाला, "वजन बरोबर भरलं ना?" दमयंती म्हणाली, भरलं. गॅसचं बटण नीट फिरवत जा, डाव्या बाजूचं अडकतं. सानिकाने मिठी मारली. शेवडे सोडायला आले होते, कारण ते नेहमी येतात. त्यांनी परतताना पार्किंगमधून बाहेर पडायचा जवळचा रस्ता दाखवला, आणि तो बंद निघाला.

मे महिन्यात, तीन आठवड्यांनी, श्यामकांत एका शुक्रवारी कुणालाही न सांगता निघाला. लिफ्टने न जाता जिन्याने उतरला. जुन्या रस्त्याने, ऐंशीने. वाटेतल्या शक्रा गावात एका टपरीवर चहा प्याला. चांगला होता. त्यामुळे फारच वाईट वाटलं.

गहू कापून झाला होता. कुंपणापासून क्षितिजापर्यंत नुसती धसकटं, आणि मध्ये तो लोखंडी सांगाडा, कोरडा, उभा. बाबाजीने सावलीत खुर्ची ठेवली, चहा आणला. वहिनी पोचल्या का, एवढं म्हणाला.

श्यामकांतने दमयंतीला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात ती भाड्याच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात होती, मागे कुकर. त्याने न बोलता फोन फिरवून शेत दाखवलं. ती बघत राहिली. मग तिने गॅस बंद केला आणि विचारायला लागली: वाण कोणता, एकरी किती उतरला, पाण्यात क्षार किती, नत्र पाण्यातूनच देतात का. श्यामकांतला यातलं काहीच येत नव्हतं. तो फोन बाबाजीकडे देऊन बाजूला झाला. पस्तीस मिनिटं ते दोघं बोलत होते. बाबाजी धसकटांतून चालत चालत पार मधल्या पायापर्यंत गेला, तिला घेऊन, फोन छातीशी धरून. आणि श्यामकांत उन्हात उभा राहून आपल्या बायकोचं हसणं लांबून ऐकत होता. वर्गात दुसरी आलेली मुलगी अशी हसते, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला ती कधी भेटलीच नव्हती.

बाबाजीने परत येऊन फोन दिला. बॅटरी नऊ टक्के.

"दमयंती," तो म्हणाला, "मी त्या दिवशी..."

"फोन जरा खाली धरा ना," ती म्हणाली. "माती बघू दे."

त्याने हात खाली केला.

"आणखी खाली."

तो वाकला. मग वाकून भागेना म्हणून गुडघ्यांवर बसला. फोन मातीपासून वीतभर अंतरावर धरला. कापलेल्या धाटांच्या मुळांशी भुरभुरीत, तांबूस माती होती, तिच्यात एक मुंगी चालली होती. पलीकडून काही आवाज येईना. रेंज गेली असं वाटून त्याने वाकडी मान करून पडद्यात पाहिलं. रेंज होती. तीही होती. ती बोलत नव्हती, एवढंच.

"दिसतंय का?" त्याने विचारलं.

"दिसतंय," ती म्हणाली. "असेच राहा जरा."

तो तसाच राहिला. डाव्या गुडघ्यात धसकट रुतलं होतं. पण ते सांगायची ही वेळ नाही, हे त्याला एकदाचं वेळेवर कळलं.